मोठ्या बोअरची पहिली रायफल कशी निवडावी

रीतसर परवाना काढून मोठ्या जनावराच्या शिकारीची तयारी करणारा नवखा माणूस बंदुकीच्या दुकानात शिरतो तो बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन: सगळ्यात दणकट कॅलिबर कोणतं? त्याच्या डोळ्यांसमोर आफ्रिकेतला व्यावसायिक शिकारी असतो, ज्याला तिकडे सगळे 'पीएच' म्हणतात. पीएचच्या खांद्यावर .४७० किंवा .५०० बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, साधारण इंचात) दुनळी असते, मग आपल्याही खांद्यावर तशीच हवी असं वाटणं साहजिक आहे.

पण त्या दोघांची कामं वेगळी आहेत. जखमी होऊन झुडपातून अंगावर येणारं जनावर अगदी हाताच्या अंतरावर थोपवणं हे पीएचचं काम. त्यासाठी त्याला जड गोळी आणि ताबडतोब दुसरा बार लागतो. पाहुण्या शिकाऱ्याचं काम असतं ते बेसावध उभ्या असलेल्या जनावराला पहिली गोळी नेमक्या जागी घालणं. ते नीट झालं तर पीएचला रायफल उचलावीही लागत नाही. ते फसलं तर जनावर तासन् तास यातना सोसतं, आणि त्याच्या मागावर दाट गवतात शिरावं लागतं ते माग काढणाऱ्या माणसांना, ज्यांच्या हातात अनेकदा बंदूकही नसते. म्हणून रायफल निवडताना हे पहिल्या गोळीचं काम समोर ठेवा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी जनावर आणि कायदा

'मोठं जनावर' या दोन शब्दांत फार वेगवेगळे प्राणी येतात. मूस (उत्तरेकडच्या थंड देशांतलं हरीण) किंवा इलँड (आफ्रिकेतला मोठा कुरंग) वजनाने प्रचंड असतात. इलँडचा मोठा नर ९०० किलोपर्यंत जातो. पण हे प्राणी सहसा अंगावर येत नाहीत. त्यांच्यासाठी ९.३×६२ माउझर हे १९०५ सालचं जर्मन काडतूस आजही उत्तम आहे. स्कँडिनेव्हियात मूससाठी ते मनापासून वापरलं जातं. अलास्कातल्या तपकिरी अस्वलासाठी .३३८ विंचेस्टर मॅग्नम किंवा .३७५ नेतात. केप रानरेडा, पाणघोडा आणि हत्ती मात्र निराळ्या वर्गात मोडतात: जाड कातडी, जाड हाडं, आणि जखमी झाल्यावर उलटण्याची पुरती ताकद.

या वर्गासाठी बहुतेक आफ्रिकी देशांत कायद्यानेच किमान मर्यादा घातलेली आहे. बऱ्याच ठिकाणी .३७५ पेक्षा लहान बोअर चालत नाही. नामिबियात मर्यादा ऊर्जेवर आहे. हत्ती, रानरेडा यांसारख्या जनावरांसाठी नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० जूल ऊर्जा लागते. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड कंपनीचं काडतूस) ही अट पूर्ण करतं. ९.३×६२ ची नेहमीची काडतुसं ४,८०० जूलच्या आसपास राहतात, म्हणजे कायद्यात बसत नाहीत. देश ठरला की पहिलं पत्र तिथल्या सफारी चालवणाऱ्याला लिहा आणि त्या हंगामाचे नियम लेखी मागवा. रायफल विकत घेऊन झाल्यावर नियम वाचणाऱ्यांना ते महागात पडतं.

इथे एक जुना युक्तिवाद हमखास पुढे येतो. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे ७×५७ च्या छोट्या रायफलीने, मग आम्हाला मोठं बोअर कशाला? बेलला हत्तीच्या कवटीची रचना तोंडपाठ होती, नेम विलक्षण होता, आणि त्या काळात माणसाला न बुजलेल्या हत्तींच्या जवळ जाऊन तो हवी तशी बाजू मिळेपर्यंत थांबू शकत होता. तुम्हाला आठवड्याभराची सफारी आणि एखादी संधी मिळणार आहे. त्याच्या उदाहरणातून घ्यायचं ते एवढंच, की गोळी कुठे बसते यावर सगळं अवलंबून असतं.

मग स्वतःचा खांदा

कॅलिबर निवडण्याआधी आपण किती धक्का सोसू शकतो हे ठरवा. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात. आधी कॅलिबर घेतात आणि मग दात-ओठ खाऊन खांद्याला सवय लावायला बघतात.

अंदाज यावा म्हणून काही आकडे. आठ पौंडांच्या .३०-०६ रायफलीचा धक्का साधारण २० फूट-पाउंडांचा असतो. नऊ पौंडांच्या .३७५ एच अँड एचचा ४० च्या आसपास, म्हणजे दुप्पट. दहा पौंडांच्या .४१६ रिग्बीचा ५५ ते ६०. .४५८ लॉटचा ७० च्या घरात, आणि .४६० वेदरबीचा १०० च्या जवळ. रायफलीचं वजन आणि काडतुसातली दारू यांनुसार आकडे थोडे हलतात, पण चढण कशी आहे ते यातून कळतं.

खरं नुकसान खांद्याचं होत नाही, नेमाचं होतं. धक्क्याची भीती शरीरात मुरली की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नळी खाली झुकते. हे झाल्याचं नेम धरणाऱ्याला कळतही नाही, कारण त्याच क्षणी रायफल उडते आणि सगळं झाकलं जातं. ते तपासण्याची जुनी आणि खात्रीची रीत अशी: मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि मधूनमधून एखादं पोकळ, सरावाचं काडतूस घालायला लावा. कोणतं कुठे आहे ते तुम्हाला माहीत नको. पोकळ काडतुसावर चाप ओढला आणि नळीने खाली गोता खाल्ला, तर ते कॅलिबर निदान आज तुमच्यासाठी जड आहे.

म्हणून विकत घेण्याआधी .३७५ आणि .४१६ दोन्ही कोणाकडून तरी मागून उभ्याने झाडून पाहा. उभ्याने, कारण बेंचवर ओणवं बसलं की शरीर धक्क्याबरोबर मागे जाऊ शकत नाही आणि तीच रायफल दुप्पट क्रूर वाटते. अनेकांना मोठ्या बोअरची दहशत बसते ती बेंचवरच.

नळीच्या तोंडाला लावायचा मझल ब्रेक धक्का बराच कमी करतो, हे खरं. पण तो आवाजाचा लोट बाजूला आणि मागे फेकतो. शिकारीच्या क्षणी कानाला काही लावलेलं नसतं आणि पीएच व मागकाढे तुमच्या दोन हातांवर उभे असतात. त्यांच्या कानांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. अनेक पीएच ब्रेक काढून ठेवायला सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या रायफलीला ब्रेकशिवाय हात लावता येत नाही, ती घेऊ नका. धक्का कमी करायचा तर वजन वाढवा, दस्त्याला चांगली रबरी गादी बसवा आणि दस्ता अंगाला बेतून घ्या.

कॅलिबर: निवड वाटते तितकी मोठी नाही

पहिल्या रायफलीसाठी माझं उत्तर .३७५ एच अँड एच मॅग्नम हेच आहे. हॉलंड अँड हॉलंडने ते १९१२ साली आणलं. ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे २,५०० फूट प्रति सेकंद वेगाने जाते. लांबट, निमुळतं काडतूस मॅगझिनमधून नळीत अलगद सरकतं. २०० मीटरवर इलँड आणि ४० मीटरवर रानरेडा, दोन्ही कामं एकच रायफल करते. सामान हरवलं तरी आफ्रिकेत या कॅलिबरची काडतुसं मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि ही गोष्ट आकड्यांच्या तक्त्यात कधी दिसत नाही. २००७ साली आलेलं .३७५ रूगर जवळपास तेच काम त्याहून आखूड ॲक्शनमध्ये, म्हणजे काडतूस भरणाऱ्या-काढणाऱ्या यंत्रणेत, करतं. रायफल त्यामुळे आटोपशीर होते, पण दूरच्या छावणीत त्याची काडतुसं मिळतीलच असं नाही.

मुख्य सावज रानरेडा किंवा हत्तीच असेल आणि खांदा तयार असेल, तर एक पायरी वर .४१६ आहे: १९११ चं रिग्बी किंवा १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेलं रेमिंग्टन. दोन्ही ४०० ग्रेनची गोळी सुमारे २,४०० फूट वेगाने फेकतात. रिग्बीचं काडतूस जाडजूड आहे, कारण त्या काळची कॉर्डाइट दारू उष्ण हवेत जास्त दाब निर्माण करायची आणि मोठ्या पुंगळीत तो दाब आटोक्यात राहायचा. त्याचा फायदा आजही होतो, भर उन्हात पुंगळी नळीत अडकत नाही. मात्र त्याला मोठी ॲक्शन लागते आणि रायफल महाग होते. रेमिंग्टनचं काडतूस सडपातळ आहे, तेच काम जास्त दाबावर करतं आणि स्वस्तातल्या रायफलींत बसतं. .४०४ जेफरीही याच पंगतीतलं, सौम्य धक्क्याचं आणि गुणी, पण काडतुसांची आधी सोय लावावी लागते.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ साली आलं. आखूड पुंगळीत दारू ठासून भरावी लागल्याने सुरुवातीच्या काळात त्याच्या वेगाबद्दल तक्रारी झाल्या. त्यावर उपाय म्हणून जॅक लॉट यांनी पुंगळी लांबवून .४५८ लॉट तयार केलं. लॉटच्या रायफलीतून विंचेस्टरची काडतुसंही झाडता येतात, ही मोठीच सोय. तरीही ही पीएचच्या कामाची कॅलिबरं आहेत. पहिली रायफल म्हणून मी ती सुचवणार नाही.

गोळी, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं

रायफलीवर लाखो खर्च करून काडतुसं मिळतील ती घेणारे लोक आहेत. जनावरापर्यंत पोहोचते ती फक्त गोळी.

मोठ्या जनावरासाठी गोळीकडून पहिली अपेक्षा खोलवर घुसण्याची असते. रानरेड्याच्या खांद्यावर कातडी, जाड स्नायू, हाड आणि एकमेकांवर चढलेल्या रुंद बरगड्या यांचा थर असतो, आणि त्यापलीकडे हृदय व फुप्फुसं. व्यासाच्या मानाने गोळी जितकी जड, तितकी ती आत जाते. हे मोजायला 'सेक्शनल डेन्सिटी' नावाचा आकडा आहे: पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. धोकादायक जनावरासाठी तो ०.३०० च्या वर असावा असा जुना दंडक आहे. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी ०.३०५ वर येते, .४१६ ची ४०० ग्रेनची ०.३३० वर, .४५८ ची ५०० ग्रेनची ०.३४१ वर. त्याच .४५८ मध्ये ४०० ग्रेनची गोळी घातली की आकडा ०.२७२ वर घसरतो. वेग जास्त, धक्का कमी, म्हणून हलक्या गोळ्यांचा मोह होतो. मोठ्या जनावरावर तो टाळा आणि आपल्या कॅलिबरची पूर्ण वजनाची गोळी घ्या.

प्रकार मुख्यतः दोन. 'सॉफ्ट' गोळी आत गेल्यावर फुलते आणि मोठी जखम करते. तिच्यातही साधी शिसं-तांब्याची नको. ज्यात शिसं आवरणाला जोडलेलं असतं किंवा मध्ये तांब्याची भिंत असते, अशी घ्या. स्विफ्ट ए-फ्रेम, किंवा संपूर्ण तांब्याची बार्न्स टीएसएक्स, ही नावं यासाठी विश्वासाची आहेत. 'सॉलिड' गोळी फुलत नाही, वाकत नाही, सरळ भोसकत जाते. हत्तीच्या कवटीतल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीदार हाडातून मेंदूपर्यंत पोहोचायचं तर तीच लागते. रानरेड्याला पहिली सॉफ्ट आणि तिच्यामागे सॉलिड, असा बऱ्याच पीएचचा रिवाज आहे. पहिली गोळी आरपार जाऊन मागच्या जनावराला लागू नये हे त्यातलं एक कारण. कळपात हे फार महत्त्वाचं ठरतं. दोन्ही प्रकारच्या गोळ्या तुमच्या रायफलीतून एकाच जागी बसतात का, हे मैदानावर तपासा. बसत नसतील तर दुसरी बनावट घ्या.

ॲक्शन

बोल्ट-ॲक्शन रायफल घेणार असाल तर 'कंट्रोल्ड राउंड फीड' हे तीन शब्द लक्षात ठेवा. १८९८ च्या माउझरमुळे रूढ झालेली ही रचना आहे. बोल्टला एक रुंद, लांब पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून वर येतं त्याच क्षणी पंजा त्याची कड पकडतो आणि नळीत बसेपर्यंत सोडत नाही. 'पुश फीड' प्रकारात बोल्ट काडतुसाला फक्त ढकलतो आणि शेवटी बोल्ट बंद होताना पकडतो.

शांतपणे झाडताना दोन्हींत फरक जाणवत नाही. फरक पडतो तो घाईत. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धाच पुढे नेला आणि परत मागे खेचला, तर पंजाची रायफल ते काडतूस बाहेर टाकते. पुश फीडमध्ये ते तिथेच राहू शकतं, त्याच्यामागे दुसरं येऊन आदळतं आणि रायफल ठप्प होते. समोर जखमी रानरेडा असताना हा फरक जिवावरचा आहे. विंचेस्टर मॉडेल ७० ची १९६४ पूर्वीची रायफल, तिचीच नव्या काळातली पंजा असलेली आवृत्ती, रूगर हॉकआय, जुनी सीझेड ५५०, आणि खिसा परवानगी देत असेल तर रिग्बी किंवा हायम, हे या जातीतले ओळखीचे पर्याय. सीझेड ५५० आता बनत नाही, पण जुन्या बाजारात ती धडधाकट मिळते.

दुनळीबद्दल थोडक्यात सांगतो. दोन नळ्या, दोन चाप, आणि दुसरा बार जगातल्या कुठल्याही बोल्टपेक्षा लवकर. पण दोन्ही नळ्यांचा नेम कारखान्यात एका ठरावीक काडतुसावर जुळवलेला असतो. काडतूस बदललं की दोन गोळ्या दोन दिशांना जातात. दोन बार झाले की ती रिकामी, आणि किंमत चांगल्या बोल्ट रायफलीच्या कितीतरी पट. तिचं सौंदर्य मला मान्य आहे. तरी ती दुसरी किंवा तिसरी रायफल असावी.

हातात घेऊन पाहताना

डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा. माशी (नळीच्या टोकावरची नेमखूण) आणि घळ (मागची खाच) आपोआप एका रेषेत दिसायला हवी. मान वाकवावी किंवा ताणावी लागत असेल तर दस्ता तुमचा नाही, किंवा कारागिराकडून तो बदलून घ्यावा लागेल. दस्त्याची वरची कड सरळ असावी. खाली झुकलेल्या कडेचा दस्ता धक्का बसताना गालावर आपटतो.

वजन .३७५ साठी दुर्बिणीसकट सव्वाचार ते साडेचार किलो, .४१६ साठी त्याहून थोडं जास्त. हलकी रायफल दुकानात गोड वाटते आणि मैदानावर मारते. नळी २२ ते २४ इंच. पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावर नको, नळीवर बसवलेली हवी. दस्त्यावरची कडी धक्क्याने पुढच्या हाताची बोटं सोलते. लाकडी दस्ता असेल तर त्यातून आडवे पोलादी बोल्ट गेलेले आहेत का पाहा. जुन्या रायफलीत ॲक्शनच्या मागच्या शेपटाजवळ बारीक तडा शोधा. मोठ्या बोअरचं लाकूड तिथेच फाटतं.

नंतर दुकानदाराकडून सरावाची पोकळ काडतुसं मागा. मॅगझिन पूर्ण भरा आणि बोल्ट जोरात, जमेल तितक्या वेगाने चालवा. हळू चालवून काही कळत नाही. शेवटचं काडतूसही पहिल्यासारखंच नळीत जायला हवं. एकदा जरी अडखळली तरी एकतर सोडून द्या, किंवा कारागिराने ते दुरुस्त केल्याशिवाय पैसे देऊ नका. सेफ्टी हातमोजा घालूनही सहज आणि आवाज न करता निघायला हवी.

दुर्बीण

१ ते ४ किंवा १ ते ६ पट, त्याहून मोठी नको. डोळा आणि काच यांत किमान ९ सेंटिमीटर अंतर राहायला हवं, नाहीतर धक्क्याने दुर्बिणीची कडा भुवई फोडते. चटकन काढता येणारे माउंट घ्या, आणि खाली रुंद 'व्ही' आकाराची घळ व मोठी ठळक माशी असलेली लोखंडी साइट असू द्या. दाट झुडपात जखमी जनावरामागे जाताना पुष्कळ जण दुर्बीण काढून टाकतात.

सराव

रायफल घरी आली की सफारीला निदान चार-सहा महिने हातात असावेत. .२२ रायफलीवर भरपूर सराव करा, उभ्याने आणि तिकाटण्यावर, म्हणजे आफ्रिकेत वापरतात त्या तीन काठ्यांच्या टेकूवर. मोठ्या रायफलीचे बार एका दिवसात दहा-पंधराच्या वर नेऊ नका. थकलेला खांदा वाईट सवयी शिकतो. कानांवर दुहेरी संरक्षण, आत बोळे आणि वर मफ, त्याने धक्क्याची भीतीही कमी होते.

१०० मीटरवर नेम लावून घेतला की बेंच सोडा. ५० मीटरवर १५ सेंटिमीटरचं वर्तुळ, तिकाटण्यावरून, एक गोळी आणि लगेच दुसरी. रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट चालवायला शिका. बार झाला की हात आपोआप बोल्टकडे गेला पाहिजे, जनावर पडलेलं दिसलं तरीही. रानरेडा पडला म्हणजे मेला असं धरून चालणाऱ्यांना त्याने अनेकदा चूक ठरवलं आहे. पडलेल्या जनावरालाही आणखी एक गोळी घालायला पीएच सांगेल. ती घाला, काडतुसाचा विचार करू नका.

निघताना

बहुतेक विमान कंपन्या माणशी ५ किलोच काडतुसं नेऊ देतात, आणि .३७५ ची शंभर काडतुसंही तेवढी भरू लागतात. ५० ते ६० पुरतात. दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या परवान्यासाठी एसएपीएस ५२० हा तिथल्या पोलिसांचा अर्ज भरावा लागतो, आणि काडतुसं सोबतच्या रायफलीच्याच कॅलिबरची असावी लागतात. अनुक्रमांक कागदावर आणि लोखंडावर एकच आहे का, ते घरीच ताडून पाहा. बोल्ट काढून रायफल कुलूपबंद कडक पेटीत, काडतुसं वेगळी.

छावणीत पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कागदावर तीन गोळ्या झाडा. प्रवासात दुर्बीण हलते, आणि सकाळी रानरेड्यासमोर ते कळणं फार उशिराचं असतं. नेम सरकला असेल तर पीएचला सांगा, तो लावून द्यायला मदत करेल. त्याला तेव्हा हेही सांगा, की तुम्हाला किती अंतरापर्यंत स्वतःची खात्री आहे. ते साठ मीटर असेल तर साठच सांगा. तो तुम्हाला साठवर नेऊन उभं करेल.